आंधळ्या-पांगळ्या जिवांचा लळा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत केलेलें भाषण)



या व्याख्यानमालेच्या पहिल्या दोन दिवशीं विद्वान् वक्त्यांनीं आपल्या मंदिराचा इतिहास आणि पूर्वजांचे कष्ट यांविषयीं सांगितलें. तिसऱ्या दिवसासाठीं मंडळानें आम्हांस विषय विचारला, तेव्हां आम्हीं 'आंधळीं-पांगळीं जनावरें घरीं सांभाळणें' असा विषय लिहून दिला. तो वाचून मंडळांतील एक गृहस्थ हंसले, आणि दुसऱ्यांनीं विचारलें कीं, "उत्सवाच्या मांडवांत लंगडें कुत्रें कशाला आणतां?" त्या गृहस्थांवर आमचा राग नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं हा विषय कोणी मांडला असता तर आम्हीही हंसलों असतों. किंबहुना त्या काळीं आमच्या हातून जें घडलें, तें आधीं सांगितल्याशिवाय पुढें कांहीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आमच्या घरीं काळू नांवाचा कुत्रा होता. वडिलांच्या हयातींत तो पिलूं म्हणून आला आणि बारा वर्षें त्यानें आमच्या केळीच्या वाडीची राखण केली. म्हातारपणीं त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. प्रथम तो जागा बदललेल्या वस्तूंवर आदळे. पुढें पायऱ्यांवरून पडूं लागला. कधीं ओसरीवर तर कधीं स्वयंपाकघराच्या दारांत घाण करूं लागला. त्याच सुमारास घरांत लग्न ठरलें होतें, पाहुणे यावयाचे होते. एके पहाटे आम्हीं त्याला भाजीच्या टेम्पोंत घातलें, महामार्गावरील खाडीपूल ओलांडला, आणि एका मासळीबाजाराजवळ उतरवून दिलें. येथें याला खावयास मिळेल, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. टेम्पो वळवितांना आरशांत पाहिलें. काळूला आम्ही दिसत नव्हतों. परंतु इंजिनाचा आवाज त्याच्या ओळखीचा होता, आणि त्या आवाजाच्या रोखानें तो शेपूट हालवीत रस्त्याच्या मधोमध चालत येत होता. आम्हीं गाडी थांबविली नाहीं.

डोळस कुत्रें असतें तर कोस-दोन कोस तुडवून घरीं परत आलें असतें. अशा कथा आपल्या प्रत्येक आळींत आहेत. काळू आला नाहीं. घरीं आम्हीं 'तो कोठें तरी निघून गेला' असें सांगितलें. लग्नापूर्वीं पापनिवेदनास गेलों, तेव्हां बारीकसारीक पुष्कळ सांगितलें. हें सांगितलें नाहीं, कारण हें पाप आहे असें आम्हांस वाटलेंच नव्हतें. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. पहिल्या अपराधास त्या कायद्यानें ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. त्या पहाटेच्या डिझेललाही याहून अधिक खर्च आला होता.

जुन्या काळच्या कांहीं थोर लोकांस ही गोष्ट कायद्यानें शिकवावी लागली नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याच्या हुकुमावरून मोठा दंगा उसळला; त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानें तेथें पांजरापोळ निघाली. ज्यांचा कोणास उपयोग उरला नाहीं अशा जनावरांस मरेपर्यंत खावयास घालणें, एवढेंच अशा संस्थेचें काम. पुढें परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय झालें, आणि आपल्या भागांतील कित्येकांनीं आपलीं दुखणाईत जनावरें घेऊन तेथील पायऱ्या झिजविल्या आहेत.

हें पारशी आणि जैन बांधवांचें पुण्य झालें. आपल्या ख्रिस्तसभेंत असा कोणी झाला नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. संत मार्टिन दी पोरेस यांचा जन्म १५७९ सालीं पेरू देशांतील लिमा शहरीं झाला. वडील स्पॅनिश सरदार, आई गुलामगिरींतून सुटलेली, आफ्रिकी वंशाची. वर्णामुळें डॉमिनिकन मठानें त्यांस आरंभीं केवळ सेवक म्हणून ठेविलें. तेथें त्यांनीं झाडलोट केली आणि रुग्णांची सेवा केली. परंपरा अशी आहे कीं, रस्त्यावरचीं जखमी, खरजेनें भरलेलीं कुत्रीं-मांजरें ते उचलून आणीत, आणि मठांत त्यांस जागा नाहीं म्हणून आपल्या बहिणीच्या घरीं नेऊन ठेवीत. १६३९ सालीं ते वारले. १९६२ सालीं पोप तेविसावे जॉन यांनीं त्यांस संतपद दिलें. या कथेंत आम्हांस सर्वांत जवळची वाटते ती ती बहीण. तिची ओसरी घाण झाली असेल, शेजारणींनीं तोंड सोडलें असेल. आणि संत म्हणून पूजा झाली ती भावाची!

आतां राणीविषयीं. ती २०१९ च्या पावसाळ्यांत आमच्या घरीं आली. महामार्गालगत वाहनाचा धक्का लागून ती गटारांत पडली होती. आमच्या धाकट्या मुलीनें व तिच्या मैत्रिणींनीं तिला ताडपत्रींत घालून आणलें. गांवठी, तांबूस रंगाची, वर्ष-दीड वर्षाची कुत्री. कंबरेखालचा भाग अगदीं निर्जीव. जनावरांच्या डॉक्टरांनीं क्ष-किरण छायाचित्र काढून सांगितलें कीं, पाठीचा कणा मोडला आहे, मागचे पाय पुन्हां चालणार नाहींत, आणि लघवीवरचा ताबाही गेला आहे. आम्हीं तत्काळ म्हटलें, "मग इंजेक्शन देऊन टाका, डॉक्टर. मुक्या जिवाचे हाल नकोत." हें बोलतांना आमचा स्वर मोठा दयेचा होता. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "हाल कोणाचे? तिचे कीं तुमचे?" मग किंचित् थांबून ती म्हणाली, "कीं हीही काळूसारखी निघून जाणार?"

इतकीं वर्षें ती सर्व कांहीं जाणून होती, हें आम्हांस त्या टेबलाशेजारीं उभें असतांना कळलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या जनावराच्या वेदना कोणत्याही औषधानें आटोक्यांत येत नाहींत, त्याला शांतपणें निरोप देणाऱ्या डॉक्टरास आम्ही दोष देत नाहीं. तीही दयाच आहे. परंतु राणी त्या टेबलावर पडल्या पडल्या मुलीच्या हातचें बिस्किट खात होती. डॉक्टर म्हणाले, "ही जेवते, माणूस ओळखते, वेदना औषधानें कमी होत आहेत. तीन आठवडे पाहूं. मात्र काम तुम्हांलाच करावें लागेल." आणि त्यांनीं तें काम दाखविलें.

तें काम असें. पोटाच्या मागच्या भागीं दोन्ही बाजूंनीं बोटें ठेवावयाचीं, आंतील मूत्राशय चाचपून शोधावयाचें, आणि सावकाश, एकसारखा दाब देऊन तें रिकामें करावयाचें. दिवसांतून तीन-चार वेळां, रोज, ती जिवंत असेपर्यंत. आमच्या या बोटांना नारळ सोलतां येतो, केळीचा घड नुसता उचलून त्याचें वजन सांगतां येतें. परंतु लिंबाएवढी ती पिशवी कांहीं सांपडेना. राणी गुरगुरे, आम्हांस घाम फुटे, आणि फरशीवर चार थेंब पडत. तिसऱ्या आठवड्यांत लघवींत दोष होऊन तिला ताप भरला, आणि आम्ही पुन्हां इंजेक्शनाच्या गोष्टी बोलूं लागलों. कुटुंबानें तेव्हां कांहीं उत्तर दिलें नाहीं. तिनें आमचा हात धरून योग्य जागीं ठेविला. त्या रात्रीं प्रथमच बोटांखालीं ती पिशवी लागली, दाब बसला, आणि धार सरळ वाटींत पडली. त्या धारेच्या आवाजानें आम्हांस जेवढा आनंद झाला, तेवढा वाडीस पहिली मोटार आणली तेव्हांही झाला नव्हता. येथें हंसणाऱ्यांनीं खुशाल हंसावें.

तेव्हांपासून पहाटे पांच, दुपारीं एक आणि रात्रीं नऊ या राणीच्या ठरलेल्या वेळा झाल्या. शिवाय अंथरूण कोरडें ठेवणें, एकाच अंगावर फार वेळ पडूं न देणें, फरफटून सोलणाऱ्या पायांना मोजे घालणें. हातमोजे आम्ही विसरत नाहीं, कारण लेप्टोचा रोग जनावराच्या लघवींतून माणसास होऊं शकतो. त्याची लसही तिला दर वर्षीं देतों. नळकाम करणाऱ्या एका मुलानें पाण्याच्या प्लॅस्टिक नळ्या आणि लहान सायकलीचीं दोन चाकें जोडून तिला गाडा करून दिला. त्यांत ती सकाळ-संध्याकाळ तासभर फिरते. दिवसभर तिला त्यांत जखडून ठेवीत नाहीं, नाहीं तर पट्ट्यांखालीं कातडी सोलवटते.

लोक विचारतात, "ती तुमचे उपकार जाणते काय?" आमचें प्रामाणिक मत असें कीं, नाहीं. आपण पंगू आहों हेंही ती जाणत नसावी. ती कावळ्यांवर भुंकते, फणसाच्या आठळ्या चोरते, आणि नऊला पांच मिनिटें उशीर झाला तर पुढच्या पायांनीं जमीन खरवडून आम्हांस रागें भरते. तिचें शेपूट हालत नाहीं, म्हणून तिचा सगळा आनंद कानांत आणि पुढच्या पंजांत येऊन सांठला आहे. आमच्या चपलेचा आवाज ती गल्लीच्या तोंडापासून ओळखते, आणि आम्ही दारांत पोंचण्यापूर्वीं अंग ओढीत उंबऱ्याशीं येऊन बसलेली असते. चपलेचा आवाज ऐकून येणारें तें तोंड पाहिलें म्हणजे दर वेळीं आम्हांस खाडीपलीकडचा तो रस्ता आठवतो. तें आठवणें थांबावें अशी आमची इच्छाही नाहीं. बंधन म्हणाल तर आम्हां दोघांवरच अधिक आहे. ती आल्यापासून आम्ही पतिपत्नी एकत्र कोठेंही मुक्कामास गेलों नाहीं. वेलंकणीच्या यात्रेसही एका वर्षीं एक तर पुढल्या वर्षीं दुसरें, असें गेलों.

राणीच्या पाठोपाठ घरांत एक पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजर आली. अशा मांजरी पुष्कळदां जन्मतःच बहिऱ्या असतात. डार्विनसाहेबांनींही १८५९ च्या आपल्या ग्रंथांत ही गोष्ट नमूद केली आहे. ही मांजर राणीच्या निर्जीव पायांच्या कुशींत निजते. दारांत कोणी आलें म्हणजे राणी भुंकते, तिचें अंग हादरतें, आणि त्या हादऱ्यानें मांजर जागी होऊन पळून जाते. एकीला ऐकूं येत नाहीं, दुसरीला उठतां येत नाहीं. दोघींचा संसार चालला आहे.

जनावरांच्या आपसांतील लळ्याचें याहून मोठें उदाहरण अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत घडलें. शर्ली नांवाची एक हत्तीण सर्कशींत असतांना दुसऱ्या हत्तिणीच्या हल्ल्यांत तिचा मागचा पाय मोडला आणि तो कायमचा वांकडा राहिला. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ ती एका प्राणिसंग्रहालयांत एकटी होती. १९९९ सालीं तिला हत्तींच्या एका आश्रयस्थानीं आणलें, तेव्हां तेथें जेनी नांवाची हत्तीण होती. ती लहान असतांना दोघी एकाच सर्कशींत होत्या. त्या रात्रीं मधल्या लोखंडी गजांतून दोघींनीं एकमेकींस ओळखलें, आणि जवळ येण्याच्या धडपडींत ते गज वांकविले. पुढें सात वर्षें, २००६ सालीं जेनी मरेपर्यंत, त्या एकमेकींस सोडून राहिल्या नाहींत. शर्ली २०२१ सालीं वारली.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळतों. पुष्कळांनीं आम्हांस तोंडावर विचारलें आहे कीं, माणसें उपाशी असतांना कुत्र्यामांजरांवर पैसा कां उधळावा? हा आक्षेप क्षुद्र नाहीं. तो आपल्या धर्मशिक्षणांतच आहे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथांत, पशु ही परमेश्वराची निर्मिती असून त्यांच्याशीं दयेनें वागणें हें आपलें देणें आहे, असें सांगितलें आहे. आणि लगेच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, माणसाच्या दुःखनिवारणास आधीं लागणारा पैसा जनावरांवर खर्चूं नये, आणि केवळ माणसासच द्यावी अशी माया त्यांस देऊं नये. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रांत प्रत्येक जिवास स्वतःचें मोल आहे असें शिकविलें. आणि त्याच पोप महाशयांनीं २०२२ च्या जानेवारींत, अपत्यें टाळून कुत्रीं-मांजरें पाळणाऱ्या जोडप्यांस स्वार्थी म्हटलें. दोन्ही गोष्टी एकाच तोंडच्या आहेत, आणि आम्ही त्यांतील एकच उचलून दुसरी दडवूं इच्छीत नाहीं.

परंतु या आक्षेपाचा खरा चटका आम्हांस ग्रंथांतून बसला नाहीं. तो याच धर्मग्रामांतील एका गृहस्थांनीं, मंदिराच्या आवारांत, रविवारच्या मिस्सेनंतर दिला. ते म्हणाले, "माझे वडील पक्षाघातानें सहा महिने पडून आहेत. तुम्ही कुत्रीची कूस दिवसांत चार वेळां बदलतां असें ऐकतों. माझ्या वडिलांची कूस बदलावयास आपल्या आळींतून किती जण आले, सांगा." आम्हांजवळ उत्तर नव्हतें. आम्ही त्या घरापासून दोनशें पावलांवर राहतों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही गेलों. मुलगा एकटा, थकलेला. म्हातारे अंगानें जड. त्यांस कुशीवर वळवितांना माकडहाडापाशीं कातडी लाल दिसली. बोटानें दाबून पाहिली, तरी तो लालपणा जाईना. तो रंग आम्ही ओळखत होतों. राणीच्या डाव्या खुब्यावर तो दिसला तेव्हां आम्हीं दोन दिवस दुर्लक्ष केलें होतें, आणि तेथें पडलेली जखम भरून यावयास अडीच महिने लागले होते. आम्हीं लगेच दवाखान्याच्या धर्मभगिनींस बोलावून आणलें. दर दोन तासांनीं कूस बदलावयाची, गुडघ्यांमध्यें उशी, अंथरूण कोरडें. हा सर्व पाठ आम्हांस घरींच झालेला होता. त्या दिवसापासून रोज रात्रीं आठची पाळी आम्हीं घेतली, आणि हळूहळू आळींतील आणखी चौघे जण आले. ती जखम फुटली नाहीं.

एके दिवशीं राणीला गाड्यांत घालून सोबत नेलें. म्हाताऱ्यांची वाचा गेलेली होती, उजवा हातही गेलेला होता. तोबीतच्या पुस्तकांत आंधळ्या बापाचा मुलगा प्रवासास निघतो तेव्हां त्याच्या मागें कुत्रा चालूं लागतो. शास्त्रकर्त्यानें त्या कुत्र्याचें नांव दिलेलें नाहीं, परंतु त्याला वगळलेंही नाहीं. आम्हांस त्या वेळीं तें आठवलें. म्हाताऱ्यांनीं डावा हात पलंगावरून खालीं सोडला, राणीनें त्याखालीं डोकें घातलें, आणि जपमाळेची सबंध प्रार्थना होईपर्यंत तो हात तेथेंच होता. वाचा परत आली नाहीं; चमत्कार सांगावयास आम्ही येथें उभे नाहीं. मात्र त्यानंतर राणी आली नाहीं तर ते दाराकडे पाहात राहात. गेल्या उपवासकाळांत ते देवाघरीं गेले.

हें ऐकून कोणाच्या मनांत उद्यांच एखादें पंगू जनावर घरीं आणावें असें आलें असेल, तर आमची विनंति कीं उद्यां आणूं नका. आठ दिवस थांबा आणि पहाटे पांचला कोण उठणार तें आधीं घरांत ठरवा. उत्साहानें आणून पुन्हां रस्त्यावर सोडलेल्या जनावराचे हाल पहिल्याहून वाईट. रस्त्यावर ज्याचे पाय लुळे पडत आहेत, जबडा लोंबत आहे, लाळ गळत आहे आणि पाणी गिळतां येत नाहीं, अशा कुत्र्यास हात लावूं नये. तो पिसाळलेला असूं शकतो, कारण पिसाळण्याचा एक प्रकार मुका व लुळा असतो. अशा वेळीं जाणत्यांस बोलवावें. चावलाच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लस घ्यावी. अंगाऱ्याधुपाऱ्यांत वेळ घालवूं नये.

सर्वच पंगू जनावरें राणीइतकीं कष्टाचीं नसतात, हेंही सांगितलें पाहिजे. कुत्रें आपल्या शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर तोलतें. म्हणून मागचा एक पाय गेलेलें कुत्रें थोड्याच दिवसांत तीन पायांवर धांवूं लागतें. कांहीं मांजरींचीं पिलें जन्मापासून डुलत, झोकांड्या खात चालतात. आई गाभण असतांना तिला झालेल्या एका रोगानें त्यांच्या लहान मेंदूची वाढ खुंटलेली असते. तो दोष पुढें वाढत नाहीं, त्यानें दुखतही नाहीं. जेवणाची थाळी जड आणि जिन्याला आडोसा एवढें त्यांस पुरे. बहिऱ्या कुत्र्यास हाताच्या खुणा शिकवाव्या, आणि झोपेंत एकदम स्पर्श करूं नये. आंधळ्या कुत्र्याच्या घरांत खाट, माठ, पेटी यांच्या जागा बदलूं नयेत. तो सारें घर वासानें आणि पावलांच्या हिशेबानें लक्षांत ठेवतो. त्याच्याजवळ जातांना आधीं नांव घेऊन बोलावें. काळूसाठीं एवढेंच करावयाचें होतें.

सभागृहाच्या घड्याळांत पावणेनऊ झाले आहेत. ज्या गृहस्थांनीं आवारांत आम्हांस तो प्रश्न विचारला, ते आज समोर तिसऱ्या रांगेंत बसले आहेत. अलीकडे आम्ही कोठें अडकलों तर नऊची पाळी तेच संभाळतात, आणि त्यांचा हात आमच्याहून हलका आहे, असें आमच्या कुटुंबाचें मत आहे. आजही ते जाणार होते. परंतु त्यांनीं भाषण ऐकावें म्हणून आम्हींच त्यांस थांबविलें. तेव्हां आतां आम्हां दोघांपैकीं एकास निघालें पाहिजे. राणीनें जमीन खरवडावयास सुरुवात केली असेल. आपली रजा घेतों.